दुपारी येणारे निरोप

१२ फेब्रुवारी

दादा,

आज आईच्या खोलीतून तुझा आवाज आला. मी मागच्या दारी कपडे पिळत होते, हातातली चादर तशीच मातीत पडली. "आई, जेवलीस का? गोळी विसरू नकोस हं." एवढंच ऐकू आलं. मला वाटलं तू आलास. ओल्या हातांनी आत धावले, तर आई खाटेवर एकटीच, फोन कानाला लावून गालातल्या गालात हसत होती.

तू गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"कोण बोलतंय?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"दादा. निरोप पाठवतो तो. रोज नाही, पण पाठवतो."

"कधीपासून?"

"झाले की तीन-चार महिने."

तीन-चार महिने. एका घरात राहून मला पत्ता नाही. नंबर मागितला तर तिनं फोन उशीखाली सरकवला. "छोटीला एवढ्यात देऊ नको म्हणालाय. तिच्याशी तो सावकाश बोलणार आहे." मग मीही पुन्हा मागितला नाही. मान-अपमान काय फक्त तुलाच आहे? म्हणून तुझ्या या जुन्या ईमेलवर लिहिते आहे. माझी आधीची पत्रं याच पत्त्यावर उत्तराविना पडून आहेत, त्यांत हे आणखी एक.

खरं तर भांडायला बसले होते. बाबांनी तुला दुकानासमोर, गिऱ्हाइकांदेखत मारलं आणि तू निघून गेलास, हे मी समजू शकते. बाबा वारले तेव्हाही आला नाहीस, हे मला अजून समजलेलं नाही. पण ते आज राहू दे. आई डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाली आहे. डॉक्टर सांगून थकले, मी सांगून थकले. "आता काय बघायचं राहिलंय" म्हणत तिनं मोतीबिंदू पिकवत ठेवला होता. तू एका निरोपात म्हणालास, "आई, माझ्यासाठी कर," आणि बाईसाहेब पिशवी भरून तयार. मला आनंद झाला की राग आला, ते अजून ठरत नाही.

माझं म्हणशील तर बाबा गेल्यावर शहरातली नोकरी सोडून मी इथेच आले. आता मुलींना कॉम्प्युटर शिकवते. दूध गोळा करायची जुनी खोली होती ना, ती मिळाली. कितीही धुतली तरी आंबूस वास जात नाही. एका संस्थेनं वापरलेले लॅपटॉप दिले आहेत. त्यातल्या एकावर अनुस्वाराची कळ चालत नाही, त्यामुळे त्या जागेवर बसणारीच्या लिखाणात कोबड्या अडी घालतात. येतात त्या बहुतेक शाळा सुटलेल्या मुली. घरच्यांनी का पाठवलं विचारलं तर सांगतात, तिथे पंखा आहे म्हणून. लोक मला कॉम्प्युटरवाली म्हणतात, भांडेवाली म्हणावं तसं.

सगळ्यांत हुशार बारकी. आपल्या शेजारच्या गल्लीतल्या गवंड्याची मुलगी, सतरा वर्षांची. आई नाही तिला. दुपारी वर्ग सुटला की ती आईजवळ येऊन बसते, डोळ्यांत थेंब घालते, आणि तुझे निरोप आईला तीच लावून देते, कारण आईला बटणं दिसत नाहीत. आईचे निरोप तुला धाडतेही तीच, आणि आजचाही तीच लावून देऊन गेली होती. कधी आलास तर आधी तिचे आभार मान.

तुझी
छोटी

२७ फेब्रुवारी

दादा,

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर आईनं पहिल्यांदा माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "केस केव्हा पिकले गं तुझे?" कौतुक संपलं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मला आज काय ऐकावं लागलं ते तुला सांगते, आणि तू याचं उत्तर द्यायचंस.

सकाळी वर्ग चालू असताना बारकीचे वडील दारात आले. कामावरून तसेच आलेले, पावलं सिमेंटनं पांढरी. मी आत या म्हटलं तर फरशीकडे बघून बाहेरच थांबले.

"ताई, दादांचं पक्कं आहे ना?"

"काय पक्कं?"

"बारकीच्या नोकरीचं. काकू बोलल्या, दादा तिला तिकडे त्यांच्या ऑफिसात लावून देणार आहेत. वर्षभर शिकू दे, तोवर लग्नाचं काढू नको, असा दादांचाच निरोप आहे म्हणाल्या. म्हणून मी त्या लोकांना नकार कळवला. चांगलं स्थळ होतं, ताई. पोरगा कामाला लागलेला, घर पक्कं. आता माझा मेहुणा मला वेड्यात काढतोय. तुम्ही एकदा सांगा, मग माझ्या जिवाला घोर नाही."

आई तिच्या काठीनं चाचपडत यांच्या दारात जाऊन तुझं वचन सांगून आली होती आणि मला त्याचा गंधही नव्हता. "विचारून सांगते" एवढंच म्हणाले. माझ्या मागे एका लॅपटॉपवरची टकटक थांबली होती. बारकीची. मी समजले, लाजली असेल.

तू परदेशात कुठल्याशा बंदरावर शीतगृहात काम करतोस, एवढंच आम्हाला तुझ्या मित्राकडून कळलेलं. तुझं ऑफिस कुठून आलं? आणि असलं तरी धड ओळखही नसलेल्या मुलीच्या आयुष्यात हात घालायला तुला कुणी सांगितलं? तो माणूस भिंतीवर चढून पोट भरतो. तुझ्या शब्दावर त्यानं पोरीचं लग्न थांबवलं. सात वर्षं घराकडे ढुंकून न बघणारा माणूस असा मोठेपणा करतो, याचा मला धक्का बसलाय. दुसरा शब्द नाही.

आणखी एक. आईला आता दिसतं, तर तिला तुझा चेहरा बघायचा आहे. काल तिनं तसा निरोप पाठवला. तुझं उत्तर आलं, "आई, कामावर कॅमेऱ्याला परवानगी नाही." सुट्टीच्या दिवशीही नाही? ती जेवणावरून उठली.

एका शब्दाचं उत्तर दे. पण दे.

छोटी

१ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं. इतक्या वर्षांनी पडद्यावर तुझं नाव दिसलं. आणि आत एवढंच:

"मी आईला एकही निरोप पाठवलेला नाही. माझ्याकडे तिचा नंबरसुद्धा नाही. कोण बोलतंय तिच्याशी?"

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग उठून दार लावून घेतलं. कशासाठी लावलं, मलाच माहीत नाही. दिवसाढवळ्या, रस्त्यावर माणसं चाललेली, आणि मला वाटलं घरात कुणीतरी शिरलंय.

आई अंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन घेतला आणि तुझे निरोप ऐकले. जितके जमले तितके ऐकले. दादा, तो तूच आहेस. "बघ ना" म्हणताना तू "ना" लांबवतोस ते तसंच. हसायच्या आधी नाकातून श्वास सोडतोस तेही आहे. मी तुझी सख्खी बहीण, मी शपथेवर सांगितलं असतं की हा माझा भाऊ. तू खोटं बोलत नाहीस ना? दारू पिऊन पाठवलेस आणि विसरलास, असं तर नाही? असं विचारताना मला लाज वाटते, पण खरं सांगू, तसं असतं तर बरं झालं असतं.

एकच गोष्ट खटकली. सगळे निरोप दुपारचे आहेत. वर्ग चालू असतो त्या वेळचे. सुट्टीच्या दिवशी एकही नाही.

नंबर लिहून घेतला आहे. परदेशातला नाही, इथलाच आहे. उद्या फोन लावते. आज धीर होत नाही.

छोटी

२ मार्च

दादा,

जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिताच येणार नाही.

"दुरुस्त करून आणते" म्हणून आईचा फोन वर्गावर घेऊन गेले. मुली आपापल्या जागी बसल्या होत्या. मी टेबलाशी उभी राहून तो नंबर लावला. पलीकडे कुणी परका भामटा असणार, काय बोलायचं ते मनात घोकत होते.

रिंग माझ्या पाठीमागे वाजली.

भिंतीतलं लोखंडी कपाट आहे, त्यात आम्ही बंद पडलेले फोन ठेवतो, मुलींना उघडून दाखवायला. त्यातून आवाज येत होता. मी कपाट उघडलं. जुन्या फोनच्या ढिगात एकाचा पडदा उजळला होता आणि त्यावर लिहिलं होतं, "आजी".

मी फोन बंद केला. रिंगही बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा वाजला. वर्गात कुणी हलत नव्हतं. सगळ्यांना काहीतरी भयंकर घडलंय एवढं कळत होतं, काय ते एकीलाच माहीत होतं.

"कुणी केलं हे?"

खुर्ची सरकली. "मी, ताई," बारकी म्हणाली.

बाकीच्यांना घरी पाठवलं. ती उभी आणि मी बसलेली, उलटंच झालं.

मागच्या वर्षी मीच वर्गाला एक प्रोग्रॅम शिकवला होता. थोडा वेळ बोललेलं त्याला दिलं की तो आवाज उचलतो, मग आपण टाइप करू ते त्या आवाजात म्हणून दाखवतो. मुलींनी आपल्या आवाजात बालवाडीसाठी गोष्टी केल्या होत्या. संस्थेची माणसं बघून खूश होऊन गेली होती.

"दादाचा आवाज कुठून आणलास?"

"आजींच्या जुन्या फोनमध्ये होता. दादांनी घर सोडायच्या आधी, पहिल्या नोकरीवरून पाठवलेले निरोप. आजी मला रोज तेच लावायला सांगायच्या. मग त्या फोनची बॅटरी फुगली आणि तो बंद पडला. मी आधीच उतरवून घेतले होते म्हणून वाचले. एक दिवस आजी म्हणाल्या, किती दिवस तेच तेच बोलतोय गं हा, नवीन काहीच बोलत नाही. मी एकदाच करणार होते, ताई. नुसतं 'जेवलीस का' एवढंच."

"मग?"

"मग आजी जेवल्या."

दादा, मी महिनोन्महिने ताट पुढे सरकवत होते, तेव्हा ती दोन घास खाऊन बाजूला सारायची. मला आठवतंय, हा हिवाळा सुरू झाल्यापासून ती व्यवस्थित जेवायला लागली होती. मला वाटलं होतं, माझ्या हाताला चव आली.

ऑपरेशनचंही तिनंच घडवून आणलं. "माझ्यासाठी कर" हे वाक्य तिनं कितीदा खोडून लिहिलं म्हणाली.

"आणि नोकरीचं?" मी विचारलं.

इतका वेळ माझ्या डोळ्यांत बघून बोलणारी मुलगी खाली बघायला लागली.

"ते माझ्यासाठी केलं."

"तू मला का नाही सांगितलंस लग्नाचं?"

"तुम्ही बाबांशी बोलला असतात. बाबांनी हो-हो केलं असतं, आणि तुम्ही गेल्यावर त्यांना हवं तेच केलं असतं. माझं ते ऐकत नाहीत. तुमचंही नुसतं ऐकून घेतात. दादांचं ऐकतात. दादा इथे नसले तरी."

मी तिला मारलं नाही, रागावले नाही, जवळही घेतलं नाही. तुला सांगायला मला भीती वाटते, पण तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी शिकवलेलं काहीही आजवर कुणी इतक्या सफाईनं केलं नव्हतं. आणि दुसरा विचार आला की मी या मुलींच्या हातात काय दिलंय.

तिनं दुरुस्त करून चालू केलेला तो फोन काढून घेतला. आईला अजून काही सांगितलेलं नाही. आता तू एक कर. खाली आईचा नंबर देते. तू स्वतः फोन कर. तू खरा बोललास की खोटं आपोआप मिटेल, तिला कळायची गरजच नाही. मोठं काही बोलायला नको. जेवलीस का, एवढं विचार.

छोटी

७ मार्च

दादा,

काल तू फोन ठेवल्यावर नव्हे, आईनं ठेवल्यावर, तुझं काय झालं असेल याचा मी दिवसभर विचार करते आहे. तू पुन्हा लावलास, तिनं उचलला नाही. तुला वाटलं असेल मीच शिकवलंय. तसं नाही. काय घडलं ते ऐक.

फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसले होते. तू "आई" म्हणालास आणि तुला खोकला आला. मग म्हणालास, "मी बोलतोय. बरी आहेस ना?" तुझा आवाज केवढा बसलाय, दादा. थंडीतल्या कामानं असेल. मी क्षणभर दचकलेच.

आई ताठ झाली. "कोण पाहिजे तुम्हाला?"

"आई, मी."

तिनं लाल बटण दाबलं. आता तिला बटणं दिसतात.

"कोणी भामटा आहे," ती मला म्हणाली. "दादाचं नाव घेऊन बोलतोय. माझा मुलगा असा बोलतो का? तूच शिकवतेस ना पोरींना, फोनवरच्या आवाजाला भुलू नका म्हणून? बारकीला बोलाव. दादाला निरोप धाडायला सांग, तुझ्या नावानं कुणीतरी फोन करतंय, जपून राहा म्हणावं."

मला हसू येईल की रडू, याची मलाच खात्री नव्हती. मग मी सांगून टाकलं. कपाट, फोन, प्रोग्रॅम, सगळं. मी संपवल्यावर तिनं विचारलं, "मग इतके महिने मी कुणाशी बोलले?"

"बारकीशी."

"मी सांगितलेलं सगळं तिनं ऐकलं?"

"हो."

"जे मी तुला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही, ते?"

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारचं जेवली नाही, रात्रीचं नाही.

बाहेरही पसरलं. कपाट वाजलं तेव्हा वर्गात इतक्या मुली होत्या, किती तोंडं धरणार? दुसऱ्या दिवशी तिघीच आल्या. एकीचा काका दारातून सांगून गेला, "आमच्या पोरीला असली विद्या नको." बारकीचे वडील तर वर्गात चपलांसकट आले. पहिल्यांदाच आत आले. मुलीचा दंड धरला आणि म्हणाले, "ताई, मी पोर तुमच्याकडे अक्षरं शिकायला पाठवली होती." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. ऐकते आहे की मेहुण्याला मध्ये घालून ते स्थळ पुन्हा जुळवतायत.

आता वर्गात पंखा फिरतो आणि मी बसते. तुझ्यावर रागवायला मला कारण उरलेलं नाही, हेही एक नवीनच.

छोटी

१८ मार्च

दादा,

तू लिहिलंस, "माझ्यामुळे काही होणार असेल तर सांग." तुझ्यामुळे व्हायच्या आधी आईमुळे झालं.

आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. परवा सकाळी उठली, स्वतः वेणी घातली, काठी घेतली. "कुठे?" म्हटलं तर "ये मागून" म्हणाली. काठी नावाला होती, दिसत असल्यामुळे चालत होती तरातरा. थेट गवंड्याच्या घरी. ते अंगणात विटा रचत होते. बारकी ओट्यावर भांडी घासत होती, आम्हाला बघून तिच्या हातातलं पातेलं थांबलं. आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काकू, बसा," ते म्हणाले. "तुमची माफी मागायला यायचंच होतं. या पोरीनं तुम्हाला फसवलं."

"मला फसवलं ना? मग तिचं काय करायचं ते मी बघीन. तुला कुणी फसवलं?"

"म्हणजे? नोकरीचं..."

"ते तुझ्या दारात येऊन कोण बोललं? माझा मुलगा आला होता का? ही आली होती? मी इथे उभी राहून बोलले की पोरीला वर्षभर शिकू दे. शब्द माझ्या तोंडचा आहे. नोकरी खोटी निघाली, ते माझं चुकलं. वर्ष मात्र खोटं नाही. ते मी मागितलं होतं, आजही मागते."

"पण काकू, दादांनी सांगितलं म्हणून मी..."

"हो, दादांनी सांगितलं म्हणून. मी सांगितलं तर नाही का चालणार?"

त्यांच्या हातात वीट होती. ती कुठे ठेवावी कळेना तसे ते उभे होते. शेवटी म्हणाले, "बघू." आईनं "बघू नको, पाठव" म्हटलं आणि परत फिरली. वाटेत मी म्हटलं, "आई, बारकीशी एक शब्द तरी बोलायचास." तर म्हणाली, "अजून राग गेला नाही माझा. राग आहे म्हणून मुलीचं लग्न लावून द्यायचं असतं का?"

आज सकाळी बारकी आली. मागोमाग वडीलही आले आणि पायरीवर बसून राहिले. मुलगी नेमकं काय करते ते बघायचं म्हणाले. तासाभरानं कंटाळले, तर पायरीचा निखळलेला कोपरा ठोकून बघायला लागले. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, आम्ही इथं बोलतो तेही ते यंत्र उचलतं का?" मी नाही म्हटलं. विश्वास बसलेला दिसला नाही. हल्ली गावात सगळ्यांचंच तसं झालंय. माझ्या वर्गासमोरून जाताना लोक बोलायचे थांबतात. मुली मात्र परत येतायत, एकेक करून. आल्या त्या दिवशी मी त्यांना तो प्रोग्रॅम पुन्हा उघडून दाखवला. लपवला असता तर त्यांनी तो माझ्या नकळत उघडला असता. आता आधी कुणाचा आवाज, त्याला विचारलंय का, हे बोलायचं, मग हात लावायचा. त्यावर एवढं भांडण झालं वर्गात, की दोन तास कमी पडले.

आईला तुला काही लिहायचं आहे. माझ्याकडून नको म्हणते.

छोटी

२ एप्रिल

बाळा,

हे मी सांगते आहे आणि बारकी टाइप करते आहे. मी बोलेन तेच लिहायचं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, असं तिला बजावलं आहे. छोटीला बाहेर पाठवलं आहे. तिनं नंतर वाचलं तर वाचू दे.

छोटीला वाटतं मी तुला फोनवर ओळखलं नाही. तसं नव्हतं. तू आई म्हणालास आणि खोकलास, तेव्हाच ओळखलं. तुझ्या बापाचा आवाज आला. अगदी तोच. इतके महिने माझ्याशी बोलणारा मुलगा पंचविशीतला होता, हसून बोलायचा, दमलेला नसायचा. त्याच्या जागी हा कोण आला असं वाटलं. मला तो नको होता. म्हणून फोन ठेवला आणि भामटा म्हटलं. आईनं असं करू नये, पण मी केलं.

या मुलीशी मी परवापर्यंत बोलत नव्हते. परवा तिला म्हटलं, डोळ्यांत थेंब घालायला ये. आली. त्यावर जास्त सांगण्यासारखं नाही.

तिच्या त्या आवाजाला मी एक गोष्ट सांगितली होती. ती तुझ्यासाठी होती, ऐकली तिनं. आता तुला सांगते. तुझा बाप गेला तेव्हा लोक मला धरून बसले होते, मी कोसळेन म्हणून. मला रडू आलं नाही. त्या दिवशी मी घरभर फिरले. घर शांत होतं. कुणी ओरडणार नव्हतं, कुणी ताट भिरकावणार नव्हतं. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची इतकी भीती वाटली की पुढे मला अन्न गोड लागेना. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

इथे बारकीचा हात थांबला. मी म्हटलं, लिही. तू ऐकलेलंच आहेस.

त्या वेळी तुझ्या आवाजात उत्तर आलं होतं, "आई, मलाही बरं वाटलं. म्हणून मी आलो नाही." ते ऐकून मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. काल तिला विचारलं, असं का लिहिलंस. म्हणाली, आजी, मला वाटलं तसंच असेल. म्हणजे ते उत्तर तिचं होतं. तुझं काय आहे, मला ठाऊक नाही. काहीही असलं तरी चालेल. गोड नसलं तरी चालेल. बसक्या आवाजात सांग, खोकत सांग, मी आता फोन ठेवणार नाही.

बारकी विचारते आहे, पुढे काय लिहू. मी म्हटलं, पुढचं त्याला लिहू दे.